नवव्या स्लॅबवर थांबलेल्या आमच्या घराबद्दल गृहनिर्माण खात्याला खुलं पत्र

माननीय गृहनिर्माण मंत्री आणि खात्यातल्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी लालबागचा. म्हणजे सध्या राहतो विक्रोळीला कन्नमवार नगरात भाड्याने, पण कुणी विचारलं की तोंडातून लालबागच येतं. आमची चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, १९४० च्या आधीची, चार मजली, ११२ बिऱ्हाडं. २०१५ ला आम्ही पुनर्विकासाला संमती दिली, २०१६ चा पाडवा खोलीतच केला, दाराला तोरण बांधलं आणि महिन्याभरात सामान टेम्पोत भरून बाहेर पडलो. करारात ३६ महिने लिहिलेत.

आज आमच्या त्या जागेवर दोन बिल्डिंगा आहेत. पुढे रस्त्याला लागून विक्रीचा टॉवर, तो गेल्या रविवारी ४७ व्या मजल्यावर होता. मागे आमची, भाडेकरूंची, २३ मजल्यांची ठरलेली, ती ९ व्या स्लॅबवर उभी आहे. १३ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी मी वहीत पहिल्यांदा ९ लिहिले, आणि त्यानंतर प्रत्येक रविवारी ९ च लिहितोय.

हो, वही आहे माझ्याकडे, दोनशे पानी, तिसरी चालू आहे. दर रविवारी सकाळी मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत विक्रोळीहून स्लो लोकल पकडतो, करी रोडला उतरतो आणि पुलावर जाऊन उभा राहतो. हा पूल लष्कराने बांधलेला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, मग एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल लष्कराकडे दिले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये लोक त्यांच्यावरून चालायलाही लागले. घोषणेपासून धरलं तरी चारेक महिने. त्याच पुलावर उभा राहून मी आमची बिल्डिंग बघतो, त्यामुळे ठरवलं की होतं हे दर रविवारी मनात येतंच, त्याला काय करणार.

वहीत चार रकाने आहेत, तारीख, टॉवर, आमची बिल्डिंग आणि शेरा. शेऱ्यात काहीही असतं, ‘मिक्सर २२, स्लॅब चालू’, ‘वारा फार, क्रेन बंद’, ‘छठ, निम्मे कामगार गावी’. मी इंजिनियर नाही, एका खाजगी ऑफिसात अकाउंट्सला आहे. पण उंच बिल्डिंगांचं वेड मला तरुणपणापासूनच. दुबईचा बुर्ज उभा राहत होता तेव्हा मी सायबर कॅफेत जाऊन आज किती मजले झाले ते बघायचो, २१ जुलै २००७ ला त्याने तेव्हाच्या जगातल्या सर्वात उंच तैपेई १०१ या बिल्डिंगची उंची ओलांडली त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता. शेवटची उंची किती असणार हे त्यांनी ४ जानेवारी २०१० च्या उद्घाटनापर्यंत गुपित ठेवलं, ८२८ मीटर हा आकडा त्या दिवशी सांगितला, पण आज कितवा मजला चाललाय हे ते जगाला सांगत राहिले. दुबईशी काही घेणंदेणं नसलेल्या मुंबईतल्या एका पोराला तिथला मजला घरबसल्या कळत होता साहेब. आणि आज माझ्या स्वतःच्या घराचा मजला मला पुलावरून बोटाने मोजावा लागतो.

आपल्याकडची बांधकामंही मी बघत आलोय. पुलावरून दिसणारा वर्ल्ड वन आधी ११७ मजले, ४४२ मीटर होणार होता, विमानतळ प्राधिकरणाची तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि तो ७६ मजल्यांवर, २८० मीटरवर पुरा झाला. वरळीचा पॅले रोयाल २००८ ला सुरू झाला आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं अडकला. चर्नी रोडचा इंडिया टॉवर तर १२६ मजल्यांचा व्हायचा होता, २०१० ला काम सुरू, २०११ ला बंद, आणि पुढे रद्दच. एवढं मोठं काम अडतं, परवानग्या अडतात, पैसे अडतात, हे मला चांगलं कळतं. अडलं तर अडलं म्हणा. का अडलं ते सांगा, कधी सुटेल ते सांगा. आमच्याकडे मात्र ताकास तूर लागू देत नाहीत, सोसायटीच्या मीटिंगला बिल्डरचा माणूस येतो, चहा घेतो आणि ‘प्रोग्रेस चालू आहे’ म्हणून जातो.

टॉवरबद्दल माझ्या मनात राग नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण असं पत्र लिहिलं की लोकांना वाटतं हा विकासाच्या विरोधात आहे. उलट त्याचं काम बघताना मी अजूनही रमतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या, साइटवर त्याला मायवान म्हणतात, खालच्या मजल्याच्या सोडवतात आणि स्लॅबला ठेवलेल्या भोकांमधून हातोहात वर देतात, वरचा माणूस बघतसुद्धा नाही, नुसता हात खाली करतो आणि पाटी त्याच्या हातात येते. भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. सगळं जुळून आलं की नऊ-दहा दिवसांत मजला चढतो. स्लॅबच्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत मिक्सरची रांग लागते, गेटवरचा चहावाला त्या दिवशी सकाळी सहालाच गाडी लावतो. त्या टॉवरमध्ये घर घेणारेही आपलीच माणसं आहेत, कर्ज काढून घेतलंय बिचाऱ्यांनी, त्यांना त्यांचं घर वेळेवर मिळो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तो टॉवर ज्या जमिनीवर उभा राहतोय ती मोकळी आम्ही करून दिली, आणि त्याच जमिनीवर आमचं घर कुठवर आलं हे आम्हालाच कुणी सांगत नाही.

आता काय काय झालं ते सांगतो.

सगळ्यात आधी क्रेन. टॉवर क्रेन बिल्डिंगबरोबर वर चढत जाते, आणि काम चालू ठेवायचं असेल तर अर्ध्यावर ती कुणी उतरवत नाही, कारण ती उतरवायची आणि परत उभी करायची म्हणजे भलताच खर्च. १९ जून २०२२ च्या रविवारी मी पुलावर पोचलो तर आमच्या बिल्डिंगची क्रेन निम्मी खाली आलेली, तुकडे सुटे करून ट्रेलरवर चढवत होते. त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिल्डरच्या ऑफिसकडून मेसेज आला होता, पावसाळ्यामुळे काम थोडं मंदावलंय. मी तिथे उभा राहून बघत होतो आणि मला समजलं होतं की काम मंदावलं नाहीये, थांबलंय. घरी आलो तर आईने नेहमीप्रमाणे विचारलं, किती झालं रे? मी नऊ म्हटलं, क्रेनचं सांगितलं नाही. पुढच्या वर्षी तीच क्रेन विक्रीच्या टॉवरवर चढली. तीच, कारण तिच्या आडव्या हाताला केबिनच्या मागे एक लाल पत्रा वाकडा ठोकलेला आहे, तो मी दोन वर्षं रोज नाही तरी दर रविवारी बघितलाय.

मग सळ्या. आमच्या नवव्या स्लॅबमधून कॉलमच्या सळ्या वर आलेल्या आहेत, पुढचा मजला जोडायला ठेवलेल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या तांबूस झाल्या, दुसऱ्यानंतर काळपट, आता चार पावसाळे झालेत आणि आठव्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला गंजाचे ओघळ उतरलेत, मोबाइलवर झूम करून मी अकरा मोजले. काम बरेच दिवस थांबणार असेल तर उघड्या सळ्यांना निदान सिमेंटचं पाणी मारून ठेवतात, हे मला एका जुन्या सुपरवायझरनेच सांगितलं. इथे तेही केलेलं दिसत नाही. उद्या अचानक जाग आली आणि त्याच सळ्यांवर दहावा, अकरावा, असे आणखी चौदा मजले चढवले तर? त्या बिल्डिंगीत आम्ही राहणार आहोत, आमची नातवंडं राहणार आहेत.

भाडं. थोडक्यात सांगतो, कारण ही रड मुंबईत घरोघरी आहे. आधी वर्षाचे चेक आगाऊ मिळायचे, मग तीन-तीन महिन्यांचे, आता चार महिन्यांचं थकलंय. २०१६ च्या आकड्यात २०२५ मधली खोली मिळत नाही, वरचे पैसे खिशातून जातात.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा स्टॅम्प, साधे दोन प्रश्न, पुनर्वसन इमारतीचं काम आज किती टक्के झालंय आणि शेवटची पाहणी कधी झाली. ज्या ऑफिसात केला त्याचं नाव इथे घेत नाही, मला कुणा एका माणसाला उघडं पाडायचं नाही. उत्तर आलं, ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’. अपील केलं, तिथेही वाटाण्याच्या अक्षता.

आणि ज्यामुळे आज हे पत्र लिहायला बसलो ते म्हणजे व्हिडिओ. बिल्डर दर तीन महिन्यांनी विक्रीच्या टॉवरचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ टाकतो, घर घेणाऱ्यांसाठी, मागे म्युझिक वगैरे. साइटभोवती पस्तीस फुटी पत्रे आहेत, ७० मीटरच्या वरच्या बांधकामाला तेवढे पत्रे लावायचा पालिकेचा नियम ऑक्टोबर २०२३ चा, धूळ बाहेर येऊ नये म्हणून, आणि तो नियम चांगलाच आहे, आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी ती धूळ खाल्लीय. पण त्यामुळे रस्त्यावरून आतलं काहीच दिसत नाही. म्हणून आम्ही ११२ बिऱ्हाडं त्या व्हिडिओची वाट बघायचो. त्यात सव्वा मिनिटाच्या आसपास ड्रोन वळतो आणि डाव्या कोपऱ्यात दोन-तीन सेकंद आमची बिल्डिंग दिसते. तिथे पॉज करायचं, स्क्रीनशॉट काढायचा, ग्रुपवर टाकायचा, मग म्हातारी माणसं फोटो मोठा करून मजले मोजायची, कुणी म्हणायचं दहावा चढलाय बघा, कुणी म्हणायचं नाही ओ, ती हिरवी जाळी आहे. आमच्या मजल्यावरचे चौघं या नऊ वर्षांत गेले, त्यातल्या एका काकांच्या मोबाइलमध्ये असे सगळे स्क्रीनशॉट ओळीने ठेवलेले सापडले.

या वेळच्या व्हिडिओत ड्रोन वळला, डावा कोपरा आला, आणि आमच्या बिल्डिंगच्या जागी कॉम्प्युटरने काढलेली हिरवळ आणि पोहण्याचा तलाव होता. बिल्डिंग खोडून टाकली होती. प्रत्यक्षात ती उभी आहे, मी दुसऱ्याच दिवशी ऑफिस बुडवून करी रोडला जाऊन बघून आलो. पण आईला तो व्हिडिओ शेजारणीने आधीच दाखवला होता आणि ती एवढंच म्हणाली, आपली पाडली का रे?

माझी आई ८१ वर्षांची आहे. वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गिरणी गेली पण खोली राहिली, त्या एका खोलीच्या आधारावर तिने आम्हाला वाढवलं. त्या बाईने हा प्रश्न मला विचारावा आणि माझ्याकडे दाखवायला सरकारी शिक्क्याचा एकही कागद नसावा, हे मला गप्प बसून सहन होत नाही.

कायद्याचं थोडं बोलतो. मी वाचलंय, वकिलालाही विचारलंय. रेरा, म्हणजे घर विकत घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, २०१६ चा, आणि त्याचं आपल्या राज्यातलं प्राधिकरण महारेरा १ मे २०१७ पासून काम करतंय. टॉवरमध्ये फ्लॅट बुक करणाऱ्याला वेबसाइटवर दर तीन महिन्यांनी कामाची प्रगती बघायला मिळते, आर्किटेक्ट, इंजिनियर आणि सीए असे तिघांचे दाखले लागतात, त्याच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. उत्तम कायदा आहे. मी स्वतः त्या वेबसाइटवर जाऊन विक्रीच्या टॉवरची टक्केवारी वाचतो, पाया इतका, स्लॅब इतके, प्लंबिंग इतकं. पण भाडेकरूंची बिल्डिंग त्यात नाही, पुनर्वसनाचा भाग रेराच्या बाहेर धरला जातो, कारण आम्ही फ्लॅट विकत घेतलेला नाही. एकाच पत्र्याच्या आत, एकाच बिल्डरच्या दोन बिल्डिंगा, एकीचा हिशेब चारचौघांत आणि दुसरीचं घोंगडं भिजत.

दुसरं, म्हाडा कायद्यात ९१-अ कलम आलंय, २०२२ च्या शेवटी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या दुरुस्तीतलं. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास रखडला तर तो ताब्यात घ्यायची सोय त्यात केलीय. आम्हाला फार आशा वाटली होती. पण मी हिशेबातला माणूस, मला लगेच प्रश्न पडला, रखडला हे ठरवणार कशावरून? त्याला तारखा लागतात, शेवटचा स्लॅब कधी पडला, क्रेन कधी गेली, कामगार कधी हलले. त्या तारखा माझ्या वहीत आहेत. तुमच्या फायलीत आहेत का, असतील तर आम्हाला का दाखवत नाहीत?

होत नाही असंही नाही हो. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ४० मजली टॉवरमध्ये ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. आईने टीव्हीवर तो कार्यक्रम पूर्ण बघितला, ओळखीचं कुणीच नव्हतं तरी डोळे पुसत होती. आणि दुसऱ्या बाजूला गोरेगावची पत्राचाळ, २००८ च्या कराराची, ६७२ कुटुंबं, त्यांनी काय भोगलं ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. आम्ही या दोन टोकांच्या मध्ये कुठे आहोत, एवढं तरी कळू दे.

म्हणून आमच्या मागण्या. फार नाहीत आणि जगावेगळ्या नाहीत.

एक, पुनर्वसन इमारतीच्या प्रगतीचा अहवाल दर तीन महिन्यांनी, विक्रीच्या इमारतीसारखाच, त्याच तिघांच्या दाखल्यांसह, वेबसाइटवर आणि साइटच्या पत्र्यावर बाहेरच्या बाजूला मोठ्या बोर्डवर, मराठीत. त्यात शेवटच्या स्लॅबची तारीख आणि बिल्डिंगचा त्या महिन्यातला फोटो. फोटो खरा, कॉम्प्युटरचा नको.

दोन, दोन्ही बिल्डिंगांचे मजले त्याच बोर्डवर शेजारी शेजारी लिहा, आणि भाडेकरूंच्या बिल्डिंगचं काम ठरलेल्या टप्प्यावर आल्याशिवाय विक्रीच्या टॉवरला पुढची सीसी, म्हणजे बांधकामाची परवानगी, देऊ नका. ४७ आणि ९ हे आकडे एकमेकांशेजारी बसले की कुठल्याही साहेबाला सही करायच्या आधी दिसतील.

तीन, पुनर्वसनाचं काम सलग ३० दिवस बंद राहिलं तर बिल्डरने लेखी कारण आणि नवी तारीख द्यायची, ती भाडेकरूंना पोचली पाहिजे, आणि हीच नोंद ९१-अ खाली रखडपट्टी मोजायला धरायची.

चार, आमच्या बिल्डिंगच्या सळ्या आणि काँक्रिटची तपासणी बिल्डरशी संबंध नसलेल्या संस्थेकडून करून घ्या, अल्ट्रासोनिक, कोअर, जे काय लागतं ते सगळं, आणि रिपोर्ट आमच्या हातात आल्याशिवाय दहावा स्लॅब टाकू देऊ नका. उशीर झालाच आहे, त्यात आणखी दोन महिने आम्ही थांबू. कच्च्या कामावर चढवलेलं घर आम्हाला नको.

पाच, थकलेलं भाडं आणि ताबा मिळेपर्यंतचं पुढचं भाडं वेगळ्या खात्यात आगाऊ भरून घ्या.

यातल्या पहिल्या मागणीला तर पैसेही लागत नाहीत. बिल्डरचा ड्रोन दर तीन महिन्यांनी तिथे उडतोच आहे, त्याला फक्त मागची बिल्डिंग दाखवायला सांगा.

माझ्या तिन्ही वह्या मी तुम्हाला द्यायला तयार आहे, झेरॉक्स नाही, मूळ वह्या, तारखा पडताळून बघा, एखादी चुकलेली निघाली तर मी कबूल करीन. आणि खात्यातल्या कुणालाही स्वतः बघायचं असेल तर येत्या रविवारी सकाळी साडेनऊला मी करी रोडच्या पुलावर आहे, पूर्वेच्या बाजूला. आईही येणार म्हणते, तिला जिना चढायला वेळ लागतो म्हणून आम्ही थोडे आधीच निघू. स्लो लोकल पकडा, फास्ट करी रोडला थांबत नाही.

आपला,
लालबागच्या चाळीतला एक भाडेकरू
सध्या मुक्काम विक्रोळी